समुद्रकांठचा खडा आणि तांब्याची तार

दागिना म्हटला कीं मराठी घरांत पहिला प्रश्न निघतो तो वजनाचा, दुसरा भावाचा आणि तिसरा घडणावळीचा. त्यांतील खडा कशानें धरून ठेवला आहे, हा चौथा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. वस्तुतः अलंकारविद्येचें निम्मेंअधिक मर्म या चौथ्या प्रश्नांत आहे. दगड आपण होऊन गळ्यांत राहत नाहीं. त्याला धरावें लागतें, आणि तें धरण्याच्या रीति जगांत मुख्यतः तीनच आहेत. दगडाला आरपार भोंक पाडावें आणि त्यांतून दोरा ओंवावा, ही पहिली. धातूचें कोंदण करून त्यांत तो बसवावा, ही दुसरी. आणि दगडाला कांहींहि न करतां, तो जसा मिळाला तसा तारेनें वेढून बांधून घ्यावा, ही तिसरी.

पहिल्या रीतीनें माळा झाल्या, दुसरीनें आंगठ्या आणि पदकें झालीं. तिसरी रीत मात्र पुष्कळांना पोरखेळ वाटते. सुटींत किनाऱ्यावर जावें, चार खडे वेंचून आणावे आणि त्यांना तांब्याची तार गुंडाळून मुलींनीं गळ्यांत घालावे, यापलीकडे तिची मातबरी ती काय, असें सहज मनांत येतें. परंतु या पोरखेळामागें दोन हजार वर्षांचा व्यापार आहे, सोनाराच्या हातची एक जुनी विद्या आहे, आणि मनुष्याच्या छातींतील श्वासाशीं निगडित असा एक गंभीर प्रश्नहि आहे. रायगड जिल्ह्याचा किनारा डोळ्यांसमोर ठेवला म्हणजे या तिन्ही गोष्टींचा विचार एकाच ठिकाणीं करतां येतो.

मांडव्यापासून अलिबाग, चौल, रेवदंडा, मुरुड, श्रीवर्धन करीत हरिहरेश्वरापर्यंत गेलेला हा किनारा पूर्वीं कुलाबा जिल्ह्याचा म्हणून ओळखला जाई. १९८१ सालीं जिल्ह्याला रायगड हें नांव मिळालें. नांव बदललें तरी खडक बदलला नाहीं. किनाऱ्याच्या उत्तर भागांत जिकडे पाहावें तिकडे काळा फत्तर दिसतो. दक्षिणेकडे सरकत गेलें म्हणजे त्याच्या माथ्यावर तांबडा जांभाहि दिसूं लागतो. हा काळा फत्तर म्हणजे थंड झालेला लाव्हारस होय. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूगर्भांतून तो पुनःपुन्हा बाहेर आला, थरावर थर साचले, आणि सह्याद्रीच्या रांगेंत या थरांची जाडी दीड-दोन किलोमीटरपर्यंत गेली. आजहि सुमारें पांच लक्ष चौरस किलोमीटर भूमि या खडकाखालीं झांकलेली आहे.

या खडकांत लोहयुक्त चुंबकीय खनिज असतें. त्याची एक मौजेची साक्ष खुद्द अलिबागेंत आहे. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरल्यावर कुलाबा वेधशाळेंतील चुंबकीय मापनाला त्या विजेचा उपद्रव होणार हें उघड झालें, आणि हें काम अलिबागेस हलविण्यांत आलें. तेथील वेधशाळा १९०४ पासून काम करीत आहे. परंतु तिची इमारत बांधतांना पायाशीं असलेला काळा दगड वापरला नाहीं. पोरबंदरचा चुंबकत्वरहित वालुकाश्म आणविला. घरचा दगड इतका बोलका कीं होकायंत्राच्या सुईशीं हितगुज करतो, म्हणून त्याला दूर ठेवावें लागलें!

आतां या काळ्या खडकाच्या पोटांत रंगीत आणि पांढरे खडे येतात कोठून? लाव्हारस निवत असतांना त्यांतील वायु बुडबुड्यांच्या रूपानें वर चढतो. भात शिजतांना त्याच्या पृष्ठभागावर जशीं छिद्रें पडतात, तशा पोकळ्या थराच्या वरच्या भागांत राहून जातात. पुढें लक्षावधि वर्षें या पोकळ्यांतून पाणी झिरपतें. त्या पाण्यांत विरघळलेलीं द्रव्यें पोकळीच्या भिंतीवर हळूहळू सांचतात. कोठें शुद्ध स्फटिक तयार होतो, कोठें एकाआड एक पट्टे असलेला अकीक, कोठें चुन्याचा कॅल्साइट, तर कोठें झिओलाइट या नांवानें ओळखलीं जाणारीं नाजूक खनिजें. झिओलाइट हें नांव अॅक्सेल क्रोनस्टेड या स्वीडिश शास्त्रज्ञानें १७५६ सालीं दिलें. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ उकळणारा दगड असा होतो; कारण या खनिजाच्या रचनेंतच पाणी असतें, आणि तापविलें असतां तें फसफसून बाहेर पडतें. बोरघाटांतून लोहमार्ग नेण्यासाठीं बोगदे खणले गेले, आणि तो मार्ग १८६३ मध्यें खुला झाला. या खोदकामांत अशा खनिजांच्या सुंदर पोकळ्या उघड्या पडल्या, आणि त्यांचे नमुने दूरदूरच्या संग्रहालयांत जाऊन बसले. ज्यांना हीं खनिजें त्यांच्या पूर्ण वैभवांत पाहावयाचीं असतील त्यांच्यासाठीं नाशिकजवळ सिन्नर येथें 'गारगोटी' नांवाचें संग्रहालयच आहे.

किनाऱ्यावर जें हातीं येतें तें या वैभवाचें उरलेंसुरलें रूप. लाटा खडक झिजवितात; मऊ फत्तर आधीं झिजतो, पोकळींतील कठीण गारगोटी सुटी होते, आणि भरती-ओहोटीच्या जात्यांत फिरतफिरत गुळगुळीत बनते. पावसाळ्यांतील लाटा पुळणीवरची वाळू ओढून नेतात, त्यामुळें एरवीं वाळूखालीं दडलेला गोट्यांचा थर उघडा पडतो. म्हणून समुद्र शांत झाल्यावर, वाळू पुरती परतण्यापूर्वीं, आश्विनाच्या सुमारास ओहोटीच्या वेळीं शोधणाऱ्याला अधिक लाभ होतो. भर पावसाळ्यांत मात्र खडकावर जाण्याचें धाडस कोणीं करूं नये. किती देखणा खडा झाला तरी तो एका लाटेच्या मोलाचा नसतो.

वेंचलेला प्रत्येक खडा गळ्यांत घालण्याजोगा असतोच असें नाहीं. त्याची परीक्षा घरच्या घरीं करतां येते. खनिजांचा कठीणपणा मोजण्यासाठीं शास्त्रज्ञ एकपासून दहापर्यंतची एक श्रेणी वापरतात. तींत हिरा दहावा आणि स्फटिक सातवा. अकीक जवळजवळ स्फटिकाइतकाच कठीण. कॅल्साइट तिसरा, आणि झिओलाइटांचा क्रम बहुधा साडेतीन ते साडेपांचपर्यंत. खिडकीची कांच साडेपांचाच्या आसपास असल्यानें तिच्यावर खडा ओढून पाहिला कीं निवाडा होतो. चरा उमटला तर गारगोटी किंवा अकीक; न उमटला तर खडा नाजूक, तो कपाटांत ठेवावा, छातीवर मिरवूं नये. लिंबाच्या रसाचा थेंब टाकला असतां बारीक बुडबुडे आले तर तो कॅल्साइट किंवा शिंपल्याचा तुकडा समजावा. घामानें आणि आंबटानें त्याची झळाळी जाईल. उजेडासमोर धरला असतां अकीक मधासारखा अर्धपारदर्शक दिसतो. एखादा सुबक हिरवा खडा मिळाला आणि त्यांत अगदीं गोल बुडबुडा दिसला तर फार हर्ष मानूं नये. बाटलीच्या कांचेलाहि समुद्र असाच गोंडस करतो. मात्र तोहि तारेंत शोभतो, यांत शंका नाहीं.

या खड्यांचा आणि या किनाऱ्याचा व्यापारी संबंध फार जुना आहे. ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकांत कोणा ग्रीक दर्यावर्दीनें लिहिलेलें 'पेरिप्लस' नांवाचें प्रवासमार्गाचें पुस्तक प्रसिद्ध आहे. त्यांत पैठणाहून गाड्यांतून पट्टेदार अकीक मोठ्या प्रमाणांत भडोच बंदरांत जातो असें नमूद आहे, आणि कल्याणच्या पुढें दक्षिणेकडच्या बाजारपेठांत पहिलें नांव येतें तें सेमुल्ला, म्हणजे आपलें चौल. दुसऱ्या शतकांतल्या टॉलेमीलाहि हें बंदर ठाऊक होतें. कान्हेरीच्या शिलालेखांत चेमुलच्या दात्यांचे उल्लेख आहेत, आणि कल्याणच्या एका सोनाराचें दानहि तेथें कोरलेलें आहे. दहाव्या शतकाच्या आरंभीं मसूदी हा अरब प्रवासी चौलला येऊन गेला. हिंदुस्थानच्या मालापायीं रोमचें पांच कोटी नाण्यांएवढें धन दरवर्षीं बाहेर जातें, अशी खंत प्लिनीनें पहिल्या शतकांत केली; त्या मालांत मिरीं आणि तलम कापडाबरोबर रंगीत दगडहि होते.

सोळाव्या शतकाच्या आरंभीं पोर्तुगीज अधिकारी दुआर्ते बार्बोझा यानें गुजरातेंतील लिमोदरा येथें तांबड्या अकीकाचे मणी, आंगठ्या आणि मुठी तयार होत असल्याचें वर्णन केलें आहे. त्याच सुमारास, १५२१ पासून, पोर्तुगीजांनीं रेवदंड्यास आपलें ठाणें बळकट करण्यास प्रारंभ केला. तें १७४० सालीं मराठ्यांच्या हातीं आलें. मण्यांचा धंदा पुढें खंबायतेस स्थिरावला आणि आजतागायत तेथेंच आहे. त्याला लागणारा दगड पूर्वापार राजपिपळ्याकडच्या रतनपुरच्या टेकड्यांतून येई. हा दगड तरी कोणाचा? दख्खनच्याच काळ्या फत्तराच्या पोटांतला. नद्यांनीं झिजवून वाहून नेलेला आणि गाळांत पुरून ठेवलेला. म्हणजे अलिबागच्या पुळणीवरची गारगोटी आणि खंबायतेचा मणी हीं एकाच आईचीं लेंकरें आहेत. एकाला समुद्रानें घडविलें, दुसऱ्याला माणसानें, एवढाच भेद.

परंतु हा भेद लहान नाहीं. खंबायतेचा कारागीर दगड आधीं उन्हांत वाळवितो, मग मडक्यांत घालून मंद विस्तवांत भाजतो. त्या उष्णतेनें दगडांतील लोहाचें रूपांतर होऊन फिकट दगड तांबडालाल होतो. नंतर लोखंडी टोंकावर दगड टेकवून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीनें त्याचे कपचे उडवितात आणि त्याला आकार देतात. मग तो चाकावर घांसतात. शेवटीं हिऱ्याच्या कणी बसविलेल्या सामत्यानें, दोन्ही बाजूंनीं थोडेंथोडें करीत, त्याला भोंक पाडतात. सिंधु संस्कृतींतील कारागीरहि साडेचार हजार वर्षांपूर्वीं असे मणी घडवीत होते. त्यांचे लांबट तांबडे मणी इराकांतील ऊर येथील राजघराण्याच्या थडग्यांत सांपडले आहेत. अशा एका लांब मण्याचें भोंक पाडावयाला कित्येक दिवस लागत. गळ्यांतील माळेचा हा सर्वांत महाग भाग. आणि तो डोळ्यांना दिसत नाहीं, कारण तेथें कांहींच नसतें!

या भोंकाची आणि झळाळीची आणखी एक किंमत आहे, ती ग्राहकाला द्यावी लागत नाहीं. अकीक आणि गारगोटी हीं जवळजवळ शुद्ध सिलिका होत. कोरडा दगड विजेच्या चाकावर घांसला म्हणजे तिची इतकी सूक्ष्म धूळ उडते कीं ती नाकांत अडत नाहीं, घशांत अडत नाहीं. थेट फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत जाते. तेथें ती विरघळत नाहीं आणि बाहेरहि पडत नाहीं. फुप्फुस तिच्याभोंवतीं कठीण जाळें विणूं लागतें, श्वास आखूड होतो, आणि क्षयाला दार मोकळें मिळतें. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. त्याला उलट फिरविणारें औषध नाहीं. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनें खंबायतेच्या कारागिरांची पाहणी केली, तेव्हां हा रोग घांसणाऱ्यांत ठळकपणें आढळला. हें काम पुष्कळ ठिकाणीं घरांतच चालतें. त्यामुळें चाकाला हातहि न लावणारीं बायकामुलें तोच वारा श्वासांत घेतात. घांसतांना उडणारी धूळ जागच्या जागीं ओढून घेणारें साधनहि त्या संस्थेनें तयार केलें आहे. उपाय नाहीं असें नाहीं. तो प्रत्येक ओसरीपर्यंत पोंचला पाहिजे, एवढेंच.

येथें कोणी म्हणेल, असे मणी विकतच घेऊं नयेत. हा विचार दिसतो तितका दयाळू नाहीं. गिऱ्हाईक थांबलें तर रोग थांबण्याआधीं चूल थांबते. कारागिराला हवें आहे तें वारा ओढणारें यंत्र, पाण्याखालीं चालणारें चाक आणि त्याचा खर्च निघेल असा दाम. माळ घेतांना घासाघीस करणाऱ्या सुशिक्षित गृहिणीनें आपण नेमकें काय कमी करीत आहोंत याचा क्षणभर विचार केला, तर तेवढ्यानेंहि कांहीं साधेल. परंतु घरीं हौसेनें दागिने करणाऱ्यांना मात्र यांतून एक सरळ धडा मिळतो. विजेचें छिद्रयंत्र आणून माजघरांत दगडाला भोंक पाडण्याचा उद्योग कोणींहि करूं नये. दगडाला हात न लावतां त्याला गळ्यांत आणण्याची विद्या उपलब्ध असतांना फुप्फुस पणाला लावण्याचें कारण नाहीं.

ती विद्या म्हणजे तारेची. ती आपल्याकडे परकी नाहीं. मराठी स्त्रीच्या नथीकडे नीट पाहावें. जाड सोन्याच्या तारेचा वळसा हा तिचा कणा. त्यावर मोती आणि खडे बसतात ते बारीक सोन्याच्या तारेच्या वेढ्यांनीं. तेथें डाखहि नाहीं आणि डिंकहि नाहीं. तार ओढून, वळवून, आंवळून सगळी रचना उभी राहते. कुडींतले मोतीहि असेच तारेनें बांधलेले असतात. तारा ओढण्यासाठीं सोनार जंत्री वापरतो. ही पोलादी पट्टी. तिला उतरत्या मापाचीं छिद्रें असतात. धातूची कांब मोठ्या छिद्रांतून ओढावी, मग लहान, मग त्याहून लहान, अशी ती केसासारखी होईपर्यंत. भोंक दगडाला नव्हे, पोलादाला पाडावयाचें, आणि तेंहि एकदांच. ही या विद्येची गंमत आहे.

धाग्यानें आणि धातूनें गळा सजविण्याची हौस आपल्या भूमींत किती खोल आहे, हें नेवासें येथील उत्खननानें दाखविलें. १९५४ ते १९५६ या काळांत हसमुख सांकळिया यांच्या मार्गदर्शनाखालीं तेथें खोदकाम झालें. साडेतीन हजार वर्षांच्या आसपासच्या एका बालकाच्या दफनांत तांब्याच्या मण्यांची माळ निघाली, आणि तिच्यांत दोऱ्याचे अवशेष टिकून राहिले होते. ज्यानें ती माळ त्या लहान गळ्यांत घातली त्याला बाजारभाव कदाचित् ठाऊक होता, कदाचित् नव्हता. परंतु मूल परत येणार नाहीं हें ठाऊक होतें. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत मोत्यांच्या माळांचे प्रकार सांगतांना सोन्याच्या सूत्रानें गुंफलेल्या माळेला 'सोपानक' आणि मध्यें मणि असल्यास 'मणिसोपानक' अशीं स्वतंत्र नांवें दिलीं आहेत. म्हणजे मणि कोणता, याइतकेंच तो कशांत गुंफला आहे, यालाहि तेव्हां महत्त्व होतें.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळावें. साहित्य फार थोडें. तांब्याची तार दोन जाडींची घ्यावी: चौकटीसाठीं एक मिलिमीटरच्या आंतबाहेर, आणि बांधण्यासाठीं तिच्या निम्म्या जाडीची किंवा थोडी बारीकच. विजेच्या जुन्या यंत्रांतील गुंडाळीची तार असेल तर तिच्यावर लाखेसारखा लेप असतो. तो त्वचेजवळ नको, म्हणून नुसतीच उघडी तार घ्यावी. एक चपट्या तोंडाची पक्कड, एक गोल टोंकाची, तार तोडण्याची कात्री आणि एक बारीक कानस, इतकीं हत्यारें पुरतात. खडा दोन बोटें रुंद, तीनचार सेंटिमीटर लांब आणि तोळा-दीड तोळ्यापेक्षां फार जड नसावा; नाहीं तर मानेला तो दागिना न वाटतां शिक्षा वाटेल.

खडा प्रथम गोड्या पाण्यांत रात्रभर भिजत ठेवावा आणि दोनतीनदां पाणी बदलावें. समुद्राचें मीठ त्याच्या भेगांत राहिलें तर तांबें हिरवें पडतें. मग पस्तीस सेंटिमीटर लांबीच्या जाड तारेचे तीन तुकडे शेजारीं शेजारीं सपाट धरून, त्यांच्या बरोबर मध्यावर बारीक तारेचे सहा-सात घट्ट वेढे द्यावे. वेढे एकमेकांवर चढूं देऊं नयेत. नऊवारीच्या निऱ्यांप्रमाणें ते एकाशेजारीं एक बसले पाहिजेत. हा मध्य खड्याच्या तळाशीं ठेवून तारांची पट्टी दोन्ही कडांनीं वर आणावी आणि माथ्यावर एकत्र करून बारीक तारेनें बांधावी. आतां खडा कडेनें वेढला गेला, परंतु पुढें किंवा मागें निसटूं शकतो. म्हणून पुढची तार हलकेंच ओढून खड्याच्या तोंडावर आणावी आणि मागची पाठीवर न्यावी. मधली कडेलाच राहूं द्यावी. पेरू धरतांना बोटें जशीं त्याच्या गोलाईवर पसरतात, तसें हें धरणें आहे. पुढच्या तारेला दिलेली थोडी वेलांटी शोभेची असते आणि पकडीचीहि.

माथ्यावर सहा टोंकें राहतात. त्यांपैकीं दोहोंना गोल पक्कडीवर वळवून गोफ ओंवण्याची कडी करावी. उरलेलीं चार कडीच्या मानेभोंवतीं वेढून तोडावीं, कानशीनें बोथट करावीं आणि आंत दाबावीं. तार ओढतांना कडक झाली तर हट्ट करूं नये. वारंवार वांकविलेलें तांबें ताठर होतें आणि शेवटीं मोडतें. खडा बसविण्यापूर्वींच ती तार मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यांत बुडविली कीं पुन्हा मऊ होते. खडा बांधल्यावर मात्र तापवूं नये. पाणी धरून राहिलेला दगड तडकतो. शेवटची परीक्षा सोपी आहे. पदक गादीवर धरून जोरानें हलवावें. खडा वाजला तर वेढा सैल. तो न वाजतां मुकाट राहिला तर काम झालें. रेशमी किंवा सुती गोफांत तें घालावें. तांबें काळवंडलें तर कोंकणांतल्या घरीं आमसूल असतेंच. त्याच्या आगळानें चोळून लगेच स्वच्छ धुवावें.

वेंचण्यालाहि मर्यादा आहेत, आणि त्या कायद्याच्या तशाच सौजन्याच्या आहेत. किनारपट्टी नियमनाची पहिली अधिसूचना १९९१ सालीं निघाली. वाळू आणि खडक खणून नेण्यावर तिनें निर्बंध घातले, आणि २०११ व २०१९ च्या अधिसूचनांनींहि तें धोरण पुढें चालविलें. कुलाबा किल्ला आणि जंजिरा हीं संरक्षित स्मारकें आहेत. तेथील दगड, वीट, जुना मणि किंवा खापर उचलणें हा अपराध आहे. चौलसारख्या जुन्या बंदराच्या मातींत सांपडलेला एखादा मणि गळ्यांत घातला तर तो एक दागिना होतो; जागच्या जागीं राहिला आणि जाणकाराच्या दृष्टीस पडला तर तो इतिहासाचें एक वाक्य होतो. मुरुडजवळच्या फणसाड अभयारण्यांतूनहि कांहीं आणूं नये. कड्याला हातोडी लावूं नये. जो खडा समुद्रानें आपण होऊन सोडला आहे तेवढाच घ्यावा. मूठभर खड्यांतून एक निवडून बाकीचे पुन्हा पाण्याच्या रेषेवर ठेवणें, ही निवड करण्याची उत्तम शाळा आहे. ज्याला पिशवीभर न्यावेसे वाटतात त्याला अजून एकहि खडा नीट दिसलेला नसतो.

शेवटीं आक्षेप राहतो तो योग्यतेचा. नवरत्नांत ज्याला स्थान नाहीं, सराफाच्या तागडींत ज्याला वजन नाहीं, अशा दगडाला अलंकार म्हणावें काय? संकटकाळीं सोनें मोडतां येतें. तांब्यांत बांधलेली गारगोटी कोणी गहाण ठेवून घेणार नाहीं, हें खरें. पुष्कळ कुटुंबें अशा मोडलेल्या सोन्यावरच तरलीं आहेत. तेव्हां सोन्याची थट्टा करण्यांत शहाणपण नाहीं. परंतु सोन्याचें काम वेगळें आणि या पदकाचें वेगळें. सोनें घराचा आधार सांगतें. हा खडा एका ठिकाणाची आणि एका हाताची ओळख सांगतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या एका बुडबुड्याची पोकळी, तींत थेंबाथेंबानें भरलेली सिलिका, ती सोडवून घेणारा समुद्र, आणि तिला न दुखवितां बांधणारीं दहा बोटें, इतक्यांचा त्यांत वांटा असतो. त्यांपैकीं कोणाचाहि श्वास त्यापायीं आखूड झालेला नसतो.

दिवाळीच्या सुटींत अलिबागेस किंवा मुरुडास जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांच्या हातीं तारेचें एक भेंडोळें आणि एक पक्कड द्यावी. पहिला वेढा सैल पडेल, दुसरा वांकडा जाईल. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नांत खडा मुकाट बसेल. त्यानंतर तें मूल दुकानांतील कोणत्याहि माळेकडे पाहील तेव्हां मण्याचा रंग पाहीलच. परंतु त्याच्या भोंकाकडेहि पाहील, आणि तें कोणीं पाडलें असेल असा प्रश्न त्याच्या मनांत येईल. एवढा प्रश्न मुलाच्या मनांत उभा राहिला, तर तांब्याची ती तार सोन्याच्या मोलाला उतरली असें खुशाल समजावें.